पर्वरीचा फ्लॅट, जुलैचा पाऊस आणि तीन दिवस न वाळणारे कपडे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापूरहून गोव्यात पर्वरीला आलात, दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, बाल्कनी नेमकी पश्चिमेला त्यामुळे पावसाची झड थेट आत, टॉप लोड मशीन, शाळेत जाणारी दोन मुलं, कपडे तिसऱ्या दिवशीही दमट आणि वर तो कुबट वास. मिस्टर म्हणतात ड्रायर घेऊन टाकू, तुम्ही म्हणता आधीच लाईट बिल बघवत नाही, तर ड्रायरशिवाय घरातल्या घरात वाळवायची काही रीत आहे का. आहे, पण ती थोडी तुमच्या मशीनवर, थोडी खिडक्या कुठल्या दिशेला आहेत त्यावर आणि बरीचशी तुम्ही धुणं कसं वाटून घेता यावर अवलंबून आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे सल्ला किती मनावर घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी डिचोलीची. कपडे धुण्याच्या धंद्यात बावीस वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ कळंगुटला एका हॉटेलच्या लाँड्रीत आणि पुढची म्हापशात माझ्या स्वतःच्या छोट्या दुकानात, गेस्ट हाऊसच्या चादरी, टॉवेल, अभ्रे जास्त. दुकानात टंबलर आहे, म्हणजे तुमचा तो ड्रायरच, पण घरी नाही, आणि पाच माणसांचं धुणं मी जून ते सप्टेंबर घरातच वाळवते. दुकानातल्या टंबलरचं बिल दर महिन्याला मीच भरते म्हणून घरी नाही, असंही म्हणा.

तुम्हाला वाटतंय ऊन नाही म्हणून वाळत नाही. सोलापूरला मे महिन्यात चादर दोरीवर टाकून चहा पिऊन येईपर्यंत कडक होते, पण तिथे रात्री सावलीत टाकली तरी सकाळपर्यंत वाळतेच ना? कारण तिकडची हवा तहानलेली असते, पाणी तीच ओढून घेते. इथे जुलैत हवेचं पोट आधीच भरलेलं.

किती भरलेलं, तो हिशोब मांडते, कंटाळा करू नका कारण पुढचं सगळं यावर आहे. २७ डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २५-२६ ग्रॅम वाफ मावते. भर पावसात आपल्याकडे आर्द्रता ९० टक्के धरा, म्हणजे जागा उरली अडीच ग्रॅमची. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, ती झाली ३४ घनमीटर. सगळी मिळून ८०-९० ग्रॅम पाण्याची जागा, अर्धा कप चहा! आणि तुमच्या ६ किलोच्या लोडमधून, टॉप लोडमधून काढल्यावर, चार लिटरच्या पुढे पाणी अजून जायचं असतं. खिडक्या लावून आत दोरी बांधली आणि वर पंखा फिरवत ठेवला तर अर्धा कप पाणी उडालं की खेळ संपला, पुढे पंखा नुसती ओली हवा ढवळत बसतो. थोडं पाणी भिंती पितात, थोडं गादी पिते, थोडं कपाटाची मागची फळी पिते, आणि गणेश चवथीच्या साफसफाईला कपाट सरकवलं की काळी बुरशी निघते, मग आपण पेंटरला शिव्या घालतो.

तर दोरीवर टाकायच्या आधी जितकं पाणी काढता येईल तितकं काढायचं, आणि उरलेलं घराबाहेर कुठल्या वाटेने जाणार ते ठरवून मगच दोरी बांधायची. एवढंच आहे, बाकी सगळे बारकावे.

पहिल्या भागात सगळ्यात जास्त बचत आहे आणि लोक नेमकं तिथेच दुर्लक्ष करतात. हॉटेलात आम्ही धुतलेलं कापड थेट टंबलरमध्ये कधीच टाकत नव्हतो, आधी हायड्रोत. हायड्रो म्हणजे हायड्रो एक्स्ट्रॅक्टर, जोरात गरगरणारा स्टीलचा जाड ड्रम, पाणी झटकून टाकणारा. एक लिटर पाण्याची वाफ करायची तर साधारण ०.६८ युनिट उष्णता लागतेच, मशीन कुठल्याही कंपनीचं असो, तो निसर्गाचा दर आहे त्यात घासाघीस नाही, आणि साध्या हीटरच्या ड्रायरला प्रत्यक्षात लिटरमागे एक युनिट धरून चाला. तेच लिटर गरगर फिरवून काढायला एका युनिटचा दहावा भागसुद्धा जात नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडची टॉप लोड मशीनं मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे मारतात, फ्रंट लोड १००० ते १४००. आणि ते जुनं दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक, जे आपण जुनाट म्हणून भंगारवाल्याला देतो, त्याचा स्पिनर १३०० च्या वर फिरतो. त्याचा ड्रम लहान म्हणून फ्रंट लोडएवढा जोर येत नाही, पण तुमच्या टॉप लोडपेक्षा नक्कीच जास्त. बाजारात नुसता स्पिनरही मिळतो आणि त्यालासुद्धा दुकानदार ड्रायरच म्हणतात! म्हणून मिस्टर कुठल्या ड्रायरबद्दल बोलतायत ते आधी विचारून घ्या. हीटरवाला असेल तर तो वीज खाणारा, नुसता फिरणारा असेल तर मी म्हणेन डोळे झाकून घ्या, किंवा ओळखीत कोणाचं जुनं सेमी ऑटोमॅटिक पडून असेल, ज्याचा धुवायचा टब बिघडलाय पण स्पिनर चालतोय, ते उचलून आणा. माझ्या घरी तसंच आहे, मोरीत कोपऱ्यात उभं, बाहेरून गंजलंय पण काम चोख.

तोपर्यंत आहे त्या मशीनमध्ये दोनदा स्पिन करा. एकदा मशीन थांबलं की कपडे बाहेर काढायचे, झटकून सुटे करायचे, परत आत टाकून फक्त स्पिन. न काढता नुसतं बटण दाबलं तर फारसा फायदा नाही कारण कपड्यांची वळकटी ड्रमला चिकटून बसलेली असते, पाण्याला वाट मिळत नाही. टॉवेल आणि जीन्स बाकीच्या कपड्यांत मिसळू नका, त्यांचा वेगळा अर्धा लोड. आणि एकदा तरी वजन करून बघाच, विमानाच्या बॅगेला लावतात तो हुकाचा काटा चालतो. कोरडे कपडे बादलीत घालून वजन, धुऊन पिळून परत वजन. ६ किलोचे १० किलोच्या वर भरले तर मशीन नुसतं फिरल्याचं नाटक करतंय, साडेनऊच्या खाली आले तर छान, अर्धी लढाई तिथेच जिंकलात.

आता वाट. इथे दोन पद्धती चालतात, एक उघडी आणि एक बंद. दोन्हीची भेसळ केली की दोन्हीही चालत नाहीत, आणि तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमच्याकडे भेसळच चालू आहे, खिडकी अर्धी उघडी, मध्येच एसी, मध्येच पंखा.

उघडी पद्धत म्हणजे हवा एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. इथे लोक पहिली चूक ही करतात की पाऊस लागला की सगळ्या खिडक्या धडाधड लावतात. अहो, खोलीत ओले कपडे टांगलेले असताना खोलीतली हवा बाहेरच्या पावसातल्या हवेपेक्षाही जास्त दमट असते, मग बाहेरची आत आलेली बरी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा समुद्राकडून, पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तर तुमची पश्चिमेची बाल्कनी कपडे टांगायला वाईट पण हवा आत घ्यायला उत्तम. तिथलं सरकतं दार चार बोटं उघडं ठेवा, झड येऊ नये म्हणून बांबूचा चटईचा पडदा किंवा ताडपत्री थोडी तिरकी बांधा, आणि समोरच्या म्हणजे पूर्वेच्या खोलीची खिडकी पूर्ण उघडी. कपडे त्या पूर्वेच्या खोलीत, खिडकीच्या अलीकडे, म्हणजे ओली हवा तुमच्या हॉलमधून फिरून न जाता लगेच बाहेर. वारा पडलेला असेल तर खिडकीत किंवा झरोक्यात एक्झॉस्ट बसवा. त्याच्या बॉक्सवर ताशी किती घनमीटर हवा ओढतो ते छापलेलं असतं, दोनशे असेल तर तुमची ३४ घनमीटरची खोली ताशी सहा वेळा रिकामी होते. चार लिटरला साधारण ४५ वेळा हवा बदलायला हवी, म्हणजे कागदावर साडेसात तास, पण प्रत्यक्षात दुपटीच्या वर धरा कारण प्रत्येक वेळी बाहेर जाणारी हवा काही पूर्ण भरलेली नसते. तरी तीन दिवसांपेक्षा बरं ना? आणि चाळीसेक वॉटचा एक्झॉस्ट पंधरा-सोळा तास चालला तरी पाऊण युनिटही होत नाही.

पंख्याबद्दल. छताचा पंखा खाली फुंकतो, दोरीवरच्या कपड्यांना वारा आडवा लागतच नाही. त्यापेक्षा टेबल फॅन जमिनीवर ठेवून कपड्यांच्या खालच्या टोकावर मारा, कारण पाणी उतरून तिथेच साठतं, आणि फॅनचं तोंड अशा बाजूला की कपड्यांवरून निघालेली हवा खिडकीकडे जाईल. जुना छताचा पंखा ७०-७५ वॉटचा, नवीन बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा तीसेक वॉटचा, रात्रभर चालवायचा असेल तर हा फरक लक्षात घ्या.

आमच्याकडच्या जुन्या घरांना हे सगळं न शिकवता येत होतं. कौलांच्या फटीतून वाफ आपोआप वर जायची, मधलं राजांगण म्हणजे घरातलं उघडं अंगण धुराड्यासारखं हवा ओढायचं, व्हरांड्याला माडाच्या झावळ्यांची विणलेली मल्लां बांधली की पाऊस बाहेर आणि वारा आत. आजी स्वयंपाकघरात चुलीच्या वर उंच आडव्या दांडीवर धुणं टाकायची, आणि बाळाची लंगोटं निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर. तुम्ही फ्लॅटमध्ये यातलं काही करू नका हां, बंद खोलीत निखारे म्हणजे जीवाशी खेळ. आणि गॅसच्या शेगडीजवळ टांगूनही उपयोग नाही, एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच हवेत येतं. चुलीचा धूर निदान कौलातून बाहेर जायचा, तुमच्या किचनमधून काय जाणार.

बंद पद्धत म्हणजे खोली पूर्ण बंद आणि आत पाणी ओढणारं मशीन. मुलांपैकी कोणाला दमा असेल, किंवा घरात हवेची वाटच नसेल, एकाच बाजूला खिडक्या, तर हीच पद्धत. कॉम्प्रेसरवाला डिह्युमिडिफायर साधारण अर्ध्या युनिटला एक लिटर पाणी काढतो आणि खोली थोडी गरमही करतो जे कपड्यांना चांगलंच. तो सगळ्यात लहान खोलीत ठेवायचा, दार लावून, सोबत छोटा पंखा. पण ऑनलाइन दोन-तीन हजाराला जे गोंडस डबे मिळतात ना, चिपवर चालणारे, ते घेऊ नका, दिवसभरात कपभर-दोन कप पाणी काढतात, कपाटासाठी ठीक, धुण्यासाठी नाही. एसीचंही तसंच गणित आहे. तुम्ही रात्री एसी लावून झोपताच असाल तर त्याच खोलीत स्टँडवर कपडे ठेवा, एसी पाणी काढून पाइपने बाहेर टाकतोच, वाढीव खर्च लिटरमागे पाव युनिटच्या आसपास. पण फक्त कपड्यांसाठी एसी लावायचा म्हटलं तर नको, त्यापेक्षा डिह्युमिडिफायर बरा. आणि या दोन्हींत खिडकीची फट राहिली तर तुम्ही सगळ्या पर्वरीची हवा वाळवत बसाल.

टांगायच्या बाबतीत माझे नियम फार नाहीत. दोन कपड्यांत चार बोटं जागा, एकावर एक काही नाही. लांब कपडे दोरीच्या दोन्ही टोकांना आणि आखूड मधे, म्हणजे खालून कमान होते आणि हवा शिरते. चादर दोन दोऱ्यांवर तंबूसारखी, एका दोरीवर दुमडून टाकली की आतली बाजू दिवसभर ओलीच. पँट उलटी करून, खिसे बाहेर. शर्ट जाड हँगरवर, बटणं उघडी. छतावरच्या पुलीच्या दांड्या चांगल्या, पण त्या पंख्यापासून लांब बसवतात लोक, तसं करू नका.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रविवारचा डोंगर बंद करा. एक्झॉस्ट नसलेल्या खोलीची ताकद दिवसाला दोन-तीन लिटरची, आणि तुम्ही एकाच दिवशी दोन लोड म्हणजे आठ-नऊ लिटर टांगता, मग तीन दिवस लागणारच की. रोज छोटा लोड धुवा. चादर धुवायची तर त्या दिवशी फक्त चादरच. आणि जाड टॉवेल ऑक्टोबरपर्यंत कपाटात ठेवून द्या, पावसाळ्यात सुती पंचे वापरा, माझ्या दुकानातसुद्धा पाहुण्यांच्या जाड टॉवेलला टंबलरमध्ये चादरींपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. इथे पावसाआधी लोक पुरुमेंत भरतात ना, सुकी मासळी, कांदे, मिरच्या, तसं मे महिन्यातच ब्लँकेट, गोधड्या, पडदे धुऊन ठेवायचे. यंदा ते राहिलं असेल तर राहू दे, आता हात लावू नका.

वाळलं की नाही हे ओळखायलाही सोलापूरचा हात चालत नाही. सुती कापड साध्या हवेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून असतंच, इथल्या ९० टक्के आर्द्रतेत ते दुपटीच्या आसपास जातं. म्हणजे पूर्ण वाळलेला शर्टही हाताला नरम, ओलसर लागतो, आणि तुम्ही तो अजून दोन दिवस टांगून ठेवता. गालाला लावून बघा, शिवणीपाशी. गार लागला तर पाणी अजून उडतंय, गार नाही पण नरम आहे तर तो हवेचा दमटपणा, तो कितीही टांगला तरी जाणार नाही. तसा कपडा इस्त्री करून, थंड होऊ देऊन मग कपाटात, इस्त्री केल्या केल्या गरम घडी घातली तर आत वाफ कोंडते. माझ्या अंदाजाने तुमचे निम्मे कपडे दुसऱ्याच दिवशी वाळलेले असणार.

वासाचं. कपडा जितका जास्त वेळ अर्धवट ओला राहतो तितका वास, हे पाणी लवकर काढलं की निम्मं सुटतंच. उरतं ते कापडात घर करून बसलेल्या जंतूंचं काम, जपानमध्ये २०१२ साली यावर अभ्यास झाला होता, मोराक्सेला नावाचा जिवाणू त्यात सापडला, धुतल्यावर आणि वाळल्यावरही टिकून राहणारा, ओल मिळाली की परत सुरू. म्हणूनच वाळलेल्या टॉवेलला वास नसतो आणि अंग पुसलं की येतो. साबण जास्त टाकून उपयोग नाही, उलट साबण राहून गेला की जंतूंना खाऊ. टॉवेल, पंचे, बनियन महिन्यातून एकदा-दोनदा ६० डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन ब्लीच टाकून तासभर भिजवा, तुमच्या मशीनला हीटर नसेल तर बादलीत गरम पाणी घ्या. रेशमी, लोकरी आणि रंग जाणारे कपडे त्यात नाही. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर चालतो, पण क्लोरीनच्या ब्लीचसोबत कधीही नाही, विषारी वायू होतो. आणि पांढराच हां, इथल्या दुकानात माडाचा व्हिनेगर पुढ्यात ठेवतील, तो स्वयंपाकाला. सॉफ्टनर टॉवेलला बंद करा. मशीनचं झाकण धुऊन झाल्यावर उघडं ठेवा, आणि धुतलेले कपडे रात्रभर आत ठेवून झोपायची सवय असेल तर ती मोडा, बाकी सगळं केलं तरी त्याने वास येणारच.

मग हीटरचा ड्रायर कधीच नको का? असं नाही. घरात तान्हं बाळ असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, रोज चादरी बदलाव्या लागत असतील तर मी स्वतःच घ्या म्हणेन, तिथे युनिट मोजत बसू नये. घेणारच असाल तर हीट पंपवाला, म्हणजे तीच गरमी परत फिरवून वापरणारा, महाग पडतो पण वीज निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी खातो. वॉशर-ड्रायर एकत्र असलेलं मशीन घेताना नीट वाचा, आठ किलो धुतं पण एका वेळी पाचच वाळवतं असं असतं, म्हणजे अर्धे कपडे काढून परत लावायचे. आणि आपल्याकडे नेमकी जोराच्या पावसातच लाईट जाते, तेव्हा ड्रायर म्हणजे महागडं कपाट. दोन शाळकरी मुलांच्या घराला, स्पिन सुधारलं तर, मला तरी गरज दिसत नाही.

राहिला सोमवारचा युनिफॉर्म, तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय की तो फ्रिजच्या मागे वाळवता. ते आजच बंद करा, फ्रिजला गरमी बाहेर टाकायला जागा लागते, ती अडवली की तोच जास्त वीज खातो. युनिफॉर्म स्पिन झाल्यावर कोरड्या पंचात गुंडाळायचा, गुंडाळी जमिनीवर ठेवून त्यावर गुडघा टेकवून दाबायची, पंचा ओला झाला की दुसरा. मग इस्त्री आतल्या बाजूने, कॉलर, कफ, खिसे, कमरपट्टी एवढंच आधी, कारण बाकीचं कापड आपोआप वाळतं, अडतं ते या जाड ठिकाणी. मग हँगरला लावून टेबल फॅनसमोर. रात्री नऊला सुरू केलं तर सकाळी तयार. मोजे मात्र जास्तीचे दोन जोड घेऊन ठेवा, मोज्यांवर माझ्याकडेही इलाज नाही.

आधी ते वजन करून बघा आणि दोन्ही आकडे इथे टाका, सोबत पूर्वेच्या खोलीला खिडकी किती रुंद आहे तेही. मग एक्झॉस्ट लागेल की नुसत्या फॅनवर भागेल ते सांगते.